प्रकाशाची मोजकाठी

डोंगराच्या कड्यासमोर उभे राहून मोठ्याने हाक मारली असता क्षणभराने तीच हाक आपल्याकडे परत येते. लहान मुलांना ह्या प्रतिध्वनीची मौज वाटते. परंतु विचारी विद्यार्थ्याला त्यात एक गणितही दिसेल. ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. हाक मारल्यापासून दोन सेकंदांनी प्रतिध्वनी ऐकू आला, तर ध्वनीने जाऊन-येऊन ६८० मीटर अंतर कापले. अर्थात कडा आपल्यापासून ३४० मीटर दूर आहे. कड्यापर्यंत न जाता, साखळी वा दोरी न लावता, केवळ घड्याळाच्या साहाय्याने आपण अंतर मोजले! ह्याच युक्तीत ध्वनीच्या जागी प्रकाश योजला, की जे साधन तयार होते, त्यास ‘लायडार’ असे म्हणतात. ह्या साधनाने आज जमिनीचे, जंगलाचे आणि उथळ समुद्राच्या तळाचेही त्रिमित चित्र काढता येते. ते कसे काढतात, आणि सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या आपल्यासारख्या लोकांस त्याचे महत्त्व काय, हे ह्या लेखात सांगण्याचा आम्ही प्रयत्न करणार आहोत.

नकाशातील हरवलेली मिती

कागदाला लांबी असते, रुंदी असते, उंची नसते. म्हणून नकाशा काढणाऱ्यांनी समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, म्हणजे समोच्चरेषा, काढून ही उणीव भरून काढली. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारास एक ह्या प्रमाणावरील नकाशांत अशा लगतच्या दोन रेषांमध्ये सामान्यतः २० मीटर उंचीचा फरक असतो. डोंगर ओळखण्यास एवढे पुरेसे आहे. परंतु नदीकाठच्या सपाट रानाचे काय? तेथे २० मीटरांच्या आत सबंध गाव, त्याचे देऊळ, शाळा आणि मळे सामावून जातात. आणि पुरात कोणते घर बुडेल व कोणते कोरडे राहील, हे तो नकाशा सांगू शकत नाही.

उंचीचा थोडासा फरक केवढे कार्य घडवितो, ह्याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. खानापूर तालुक्यात कणकुंबी येथे मलप्रभा नदी उगम पावते. ती पूर्वेस वाहत जाऊन कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचते. त्याच तालुक्याच्या डोंगराळ मुलखातून निघणारी म्हादई मात्र पश्चिमेस उतरते आणि गोव्यात मांडवी ह्या नावाने अरबी समुद्राला मिळते. शेजारी-शेजारी पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांची अशी जन्माची ताटातूट करणारी जी सीमा, ती काही भिंत नव्हे. ती केवळ उंचीची रेषा आहे.

ही उंची मोजण्याचे प्रयत्न आपल्या देशात फार पूर्वीपासून झाले आहेत. १८०२ साली विल्यम लॅम्बटन ह्याने मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला. सुमारे अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, डोंगरमाथ्यावर चढवून एकेक बिंदू निश्चित करावा लागे. त्याच चिकाटीतून १८५६ मध्ये जगातील सर्वोच्च शिखराची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. तिच्या आकडेमोडीत राधानाथ सिकदार ह्या भारतीय गणितज्ञाचा मोठा वाटा होता. लायडार हा ह्या परंपरेचाच वारसदार होय. फरक इतकाच, की पूर्वी एका बिंदूसाठी दिवसच्या दिवस जात, आणि हे यंत्र एका सेकंदात लाखो बिंदू मोजते.

प्रकाशाचा प्रतिध्वनी

प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर आहे. समजा, एक विमान जमिनीपासून ९०० मीटर उंचीवरून उडत आहे आणि त्यातून प्रकाशाचा एक क्षणिक झोत खाली सोडला. तो जमिनीवर आपटून परत येईपर्यंत १,८०० मीटर प्रवास करील. त्यास वेळ किती लागेल? सेकंदाचे दहा लक्ष भाग केले, तर त्यांतील केवळ सहा भाग. म्हणजे ६ मायक्रोसेकंद. ध्वनीच्या खेळात मनगटी घड्याळ पुरले. येथे ते काय कामाचे? एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागात, प्रकाश ३० सेंटिमीटर जातो. जाणे आणि येणे हिशेबात धरले, तर घड्याळाची एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे उंचीत १५ सेंटिमीटरांची चूक. इतक्या सूक्ष्म काळाची नोंद ठेवणारी विद्युत्-घड्याळे निर्माण झाली, तेव्हाच ही मोजकाठी व्यवहारात आली.

दुसरी अडचण प्रकाशाची. विजेरीचा झोत थोड्या अंतरावरच फाकतो. ९०० मीटरांवर जाऊनही वीतभर किंवा हातभर रुंदीतच राहील असा प्रकाश हवा. तो लेसरने दिला. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन ह्याने माणकाच्या कांडीतून पहिला लेसरकिरण निर्माण केला, आणि त्यानंतर लवकरच शास्त्रज्ञांनी त्याचा उपयोग अंतर मोजण्याकडे केला. रेडिओलहरींनी वस्तू हुडकणाऱ्या यंत्रास ‘रडार’ हे नाव रूढ होतेच. त्याच धर्तीवर ‘लाइट डिटेक्शन अँड रेंजिंग’ ह्या शब्दांतील अक्षरे घेऊन ‘लायडार’ हे नाव पडले. प्रकाशाने शोधणे व अंतर मोजणे, असा त्याचा सरळ अर्थ.

१९७१ साली अपोलो-१५ ह्या यानाने चंद्राभोवती फिरताना लेसरने चंद्रभूमीची उंची मोजली. २००८ साली आपल्या चांद्रयान-१ वरही असेच उपकरण होते. सुमारे १०० किलोमीटर उंचीवरून ते दर सेकंदास दहा स्पंद चंद्राकडे सोडीत असे आणि डोंगर-विवरांची उंची-खोली नोंदवीत असे. जे चंद्रावर साधले, ते पृथ्वीवर अधिक बारकाईने साधता येते. कारण येथे विमान जमिनीच्या पुष्कळच जवळून उडू शकते.

विमानातील यंत्र

केवळ अंतर समजून चित्र तयार होत नाही. झोत कोठून निघाला आणि कोणत्या दिशेने गेला, हेही कळले पाहिजे. म्हणून विमानात वा हेलिकॉप्टरात चार साधने एकत्र बसविलेली असतात. पहिले, लेसर आणि परतणारा प्रकाश टिपणारा ग्राहक. दुसरे, हलता आरसा. तो झोताला उजवीकडून डावीकडे फिरवितो, त्यामुळे शेतात पेरणी करणाऱ्याने मूठ फिरवावी तसे बिंदू जमिनीवर विखुरले जातात. तिसरे, उपग्रहांच्या संकेतांवरून विमानाचे स्थान सांगणारे उपकरण. चौथे, विमान किती कलले, किती वळले, हे क्षणोक्षणी नोंदविणारे जडत्वमापक. ह्या चारही नोंदी संगणकात एकत्र केल्या, की प्रत्येक बिंदूची लांबी, रुंदी आणि उंची अशी तिन्ही मापे मिळतात. असे कोट्यवधी बिंदू एकत्र पाहिले असता जणू धुळीच्या कणांनी रेखलेले गाव हवेत तरंगत आहे, असा भास होतो. शास्त्रज्ञ त्यास ‘बिंदुमेघ’ म्हणतात. तो कोणत्याही बाजूने फिरवून पाहता येतो. कौलाचा उतार, विजेची तार, शेताचा बांध, सारे त्यात दिसते.

झाडीखालची जमीन

लायडारचा खरा चमत्कार दाट झाडीत दिसून येतो. छायाचित्रात जंगलाचा माथा तेवढा दिसतो. खालची जमीन झाकलेली राहते. लायडारचा झोत मात्र पानांच्या फटींतून वाट काढतो. त्याचा काही भाग शेंड्यावर आपटून आधी परततो, काही भाग मधल्या फांद्यांवरून, आणि उरलेला थोडा प्रकाश जमिनीपर्यंत जाऊन सर्वांत शेवटी येतो. एकाच झोताची अशी तीन-चार उत्तरे यंत्र वेगवेगळी नोंदवून ठेवते. पुढे संगणकावर केवळ शेवटची उत्तरे निवडून घेतली, की झाडे जणू अलगद उचलून बाजूस ठेवल्याप्रमाणे उघडी भूमी दिसू लागते. पहिल्या व शेवटच्या उत्तरांतील अंतर म्हणजे झाडाची उंची. तीही आपोआप मिळते.

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात ह्या रीतीने जंगलाखाली दडलेली माया संस्कृतीची साठ हजारांहून अधिक बांधकामे उजेडात आल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. कंबोडियातील अंकोरच्या परिसरातही २०१२ च्या पाहणीत अरण्याखालचे जुने रस्ते व वस्त्या ह्यांची आखणी दिसून आली. एकाही झाडास कुऱ्हाड न लावता हे कार्य झाले, हे विशेष.

आपल्या प्रदेशातील कामे

हे सारे दूर देशीचे, असे कोणी समजू नये. मुंबई–अहमदाबाद ह्या ५०८ किलोमीटर लांबीच्या द्रुतगती रेल्वेमार्गाची आखणी करताना हेलिकॉप्टरातून लायडारने पाहणी करण्यात आली. नेहमीच्या पद्धतीने दहा-बारा महिने घेणारे हे काम सुमारे बारा आठवड्यांत पुरे झाले. पुढे मुंबई–नागपूर ह्या सातशे किलोमीटरांहून अधिक लांबीच्या नियोजित मार्गासाठी मार्च २०२१ मध्ये विमानातून अशीच पाहणी सुरू झाली. घाट, बोगदे, पूल ह्यांची कल्पना करताना इंजिनिअरांस जमिनीचा खराखुरा आकार समोर ठेवता येतो, हा त्याचा लाभ.

दुसरे उदाहरण आम्हांस अधिक मोलाचे वाटते. केंद्र सरकारने २०२० साली २६ राज्यांतील अडीच लक्ष हेक्टरांहून अधिक वनभूमीची लायडारने पाहणी करण्याचे काम वॅपकॉस ह्या सरकारी संस्थेकडे सोपविले; आणि जून २०२१ मध्ये त्यांपैकी दहा राज्यांचे आराखडे प्रसिद्ध केले. त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही आपली शेजारची राज्ये होती. जंगलात पाणी कोठून वाहते, ते कोठे अडविता येईल, कोठे मुरविता येईल, हे जमिनीच्या अचूक आकारावरून ठरवावे, म्हणजे वन्य पशूंना रानातच चारा-पाणी मिळेल व ते गावाकडे वळणार नाहीत, असा त्यामागील उद्देश. खानापूर, चंदगड ह्या भागांत गवे आणि हत्ती शेतांत उतरले म्हणजे काय होते, हे तेथील शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको.

पूर आणि दरड

आता आम्ही ह्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा ह्या नद्यांनी बेळगाव, कोल्हापूर, सांगली ह्या जिल्ह्यांत हाहाकार उडविला. जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी चढून पुणे–बंगळूर महामार्ग बंद पडला. अशा वेळी प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो : पाणी आपल्या उंबऱ्याला लागेल काय? ह्याचे उत्तर हातभर उंचीवर अवलंबून असते. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकन अंतराळयानाने रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली, आणि ती माहिती आजही उपयोगी पडते. परंतु तिच्यात काही मीटरांची चूक संभवते. घर वाचते की बुडते, हे सांगण्यास ती अपुरी आहे. लायडारची चूक मोकळ्या जमिनीवर साधारणतः वीतभराहून कमीच असते. म्हणून त्याच्या आधारे संगणकावर आधीच पूर आणून पाहता येतो : नदी एक मीटर चढली तर कोणती गल्ली बुडेल, दोन मीटर चढली तर कोणता रस्ता तुटेल, आणि लोकांस कोणत्या वाटेने व कोणत्या उंचवट्यावर न्यावे.

दरडींचे तसेच आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळील तळिये, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही गावे डोंगर कोसळून गाडली गेली. ही नावे उच्चारतानाही मन जड होते. डोंगर एकदा जेथे घसरला, तेथे त्याचा व्रण राहतो : अर्धचंद्राकार कडा, पायथ्याशी साचलेला उंचसखल ढीग. कालांतराने त्यावर झाडी वाढते आणि माणसाच्या डोळ्यांस तो दिसेनासा होतो. झाडी दूर सारून पाहणाऱ्या लायडारला मात्र तो दिसतो.

परंतु येथे एक कठोर धडाही आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील ओसो येथे २२ मार्च २०१४ रोजी दरड कोसळून ४३ माणसे मृत्यू पावली. त्या खोऱ्याची लायडार-चित्रे आधीच घेतलेली होती, आणि त्यांत जुन्या प्रचंड दरडींचे व्रण स्पष्ट दिसत होते. चित्र होते, त्याचा अर्थ जाणून वेळेवर पाऊल उचलले गेले नाही. यंत्र केवळ दाखविते. पाहणे, समजणे आणि वागणे हे माणसाचेच काम राहते.

समुद्राचा तळ

आमच्या हिंडलग्याहून पश्चिमेस निघून घाट उतरला, की वेंगुर्ले-मालवणचा किनारा लागतो. तेथे जमीन संपते. पण जमिनीचा आकार संपत नाही. तो पाण्याखाली तसाच पुढे जातो : खडक, वाळूचे बांध, प्रवाळ. तोही लायडारने मोजता येतो काय? काही मर्यादेपर्यंत, होय. त्यासाठी दोन रंगांचा प्रकाश योजतात. डोळ्यांस न दिसणारा अवरक्त किरण पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परततो. हिरवा किरण मात्र पाण्यात शिरतो, तळाला आपटतो आणि थोडासा क्षीण होऊन परत येतो. पृष्ठभागाचे उत्तर आणि तळाचे उत्तर ह्यांमधील काळावरून खोली निघते. येथे दोन गोष्टी विसरून चालत नाही. पाण्यात प्रकाशाचा वेग घटून सेकंदास सुमारे सव्वादोन लक्ष किलोमीटर होतो, आणि पाण्यात शिरताना किरण वाकतो. भांड्यातील पळी वाकडी दिसते, तोच हा नियम. त्याचा हिशेब केला नाही, तर तळ भलत्याच जागी दिसेल.

अगदी नितळ पाण्यात ही हिरवी काठी सुमारे ५० मीटर खोलपर्यंत पोहोचते. गढूळ पाण्यात काही मीटरांतच थकते. कोकणच्या नद्या पावसाळ्यात लाल माती समुद्रात ओततात, तेव्हा तिचा काही उपाय चालत नाही. लक्षद्वीपच्या निळ्याशार पाण्यात मात्र तिला अधिक वाव आहे. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेस, भर समुद्रात, आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे ह्यांच्या नावावरून त्यास हे नाव पडले. त्याचा माथा काही ठिकाणी पृष्ठभागापासून केवळ वीसेक मीटर खाली असून त्यावर प्रवाळ वाढते. किनाऱ्याच्या गाळापासून दूर असलेली अशी उथळ स्थाने ह्या पद्धतीस अनुकूल होत.

जेथे प्रकाश थकतो, तेथे ध्वनी कामास येतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदास सुमारे १,५०० मीटर वेगाने दूरवर जातो. म्हणून खोल समुद्राचे मापन जहाजावरील प्रतिध्वनियंत्रानेच करतात. गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून समुद्राचा अभ्यास करीत आहे. परंतु किनाऱ्यालगतच्या खडकाळ व उथळ पाण्यात जहाजास शिरता येत नाही. नेमकी तीच अडचणीची पट्टी विमानातील लायडार भरून काढतो. प्रकाश आणि ध्वनी हे येथे प्रतिस्पर्धी नसून एकमेकांचे सहकारी आहेत. वादळात समुद्राचे पाणी कोणत्या वाडीत किती आत येईल, हे जाणण्यास किनाऱ्याच्या दोन्ही बाजूंची उंची एकाच चित्रात हवी असते.

मर्यादा

कोणत्याही साधनाचे गुण सांगताना त्याचे दोषही सांगणे उचित होय. ढग आणि दाट धुके ह्यांतून लायडारचा प्रकाश पार होत नाही. ज्या आषाढ-श्रावणात पुराची व दरडीची भीती, त्याच काळात आंबोलीसारख्या ठिकाणी विमानातून पाहणी अशक्य. ती कोरड्या दिवसांतच उरकून ठेवावी लागते. सदाहरित अरण्यात फटी कमी, म्हणून जमिनीपर्यंत पोहोचणारे किरणही कमी. खर्च मोठा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लायडार आकार सांगतो, अंतरंग नव्हे. खडक कुजला आहे की अभंग आहे, मातीत पाणी किती मुरले आहे, हे भूवैज्ञानिकास पायी जाऊनच पाहावे लागते. आणि गावातील वृद्ध माणसाने दाखविलेली जुन्या पुराची खूण ही कोट्यवधी बिंदूंच्या तोलाची असू शकते.

करून पाहण्यासारखे

विद्यार्थी मित्रांनी पुढील उदाहरणे अवश्य सोडवावीत. (१) ६०० मीटर उंचीवरील हेलिकॉप्टरातून सोडलेला झोत किती वेळाने परत येईल? (२) एकाच झोताचे पहिले उत्तर झाडाच्या शेंड्यावरून आले व शेवटचे उत्तर जमिनीवरून १४० नॅनोसेकंद उशिरा आले, तर झाड किती उंच? (३) पाण्याच्या पृष्ठभागाचे आणि तळाचे उत्तर ह्यांत ८० नॅनोसेकंदांचे अंतर असल्यास खोली किती? उत्तरे अनुक्रमे ४ मायक्रोसेकंद, २१ मीटर आणि ९ मीटर अशी आहेत. न पाहता यावीत!

एक प्रयोगही सांगतो. १८६५ साली अँजेलो सेक्की ह्या इटालियन शास्त्रज्ञाने पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून, ती दिसेनाशी होते ती खोली मोजण्याची रीत घालून दिली. हिरव्या किरणाची पोहोच त्या खोलीच्या साधारण दोन-तीन पट असते. वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन विहिरीत पांढरी ताटली सोडावी, दोरीला दर हातावर गाठ मारावी, आणि एकदा मे महिन्यात व एकदा पावसाळ्यात मापे घ्यावीत. एक दोरी आणि एक ताटली ह्यांवर पाण्याच्या स्वच्छतेची अशी शास्त्रशुद्ध नोंद होऊ शकते. तसेच आपापल्या गल्लीत २०१९ चे पाणी कोठवर आले होते, ते थोरांस विचारून वहीत टिपून ठेवावे. उद्या ह्या भागाचे लायडार-चित्र तयार झाले, तर ते खरे की खोटे, हे पडताळून पाहण्यास हीच वही उपयोगी पडेल.

उंची ही आपल्या पायाखालची गोष्ट. म्हणूनच तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. घर बांधताना, विहीर खणताना, ओढा बुजविताना आपण जागेची लांबी-रुंदी मोजतो आणि तिसरे माप विसरतो. पाणी मात्र ते कधीच विसरत नाही. त्याने आपणांस शिकविण्यापूर्वी आपणच ते शिकून घ्यावे, एवढेच आमचे वाचकांस सांगणे आहे.